एसेनचा खेळमेळा : चार दिवसांचा हिशेब

जर्मनीच्या पश्चिम भागात, ड्युसेलडॉर्फपासून रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर एसेन हे शहर आहे. कोळसा आणि पोलाद ही त्याची जुनी ओळख. क्रुप घराण्याचे पोलादाचे कारखाने येथेच वाढले. येथील त्सोलफेराइन ही विशाल कोळसाखाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ पासून जागतिक वारसास्थळ म्हणून जपली जात आहे. आज मात्र जगभरातील हजारो कुटुंबे या शहरात येतात ती पटावरचे खेळ खेळण्यासाठी. दरवर्षी ऑक्टोबरात गुरुवार ते रविवार भरणारा येथील मेळा 'श्पील' या नावाने ओळखला जातो. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थच 'खेळ' असा आहे.

१९८३ मध्ये एका खेळविषयक मासिकाच्या वाचकांचे छोटे संमेलन म्हणून याचा आरंभ झाला. आता नऊशेहून अधिक प्रकाशक आणि विक्रेते येथे दालने मांडतात व दोन लाखांहून अधिक लोक भेट देतात. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या 'जेन कॉन' संमेलनात प्रत्येक डावाची वेळ ठरलेली असते आणि तिकीट आधी घ्यावे लागते. एसेनची रीत निराळी आहे. येथे बहुतेक ठिकाणी टेबल रिकामे होण्याची वाट पाहायची, बसायचे, दालनातील माणूस नियम समजावून सांगतो ते ऐकायचे आणि डाव मांडायचा. वेळापत्रक कोणी हातात देत नाही, ते ज्याचे त्याने करायचे असते. म्हणूनच पूर्वतयारीवाचून गेलेले कुटुंब दिवसभर गर्दीत चालते आणि न खेळताच परतते.

व्यापारी घराला हा हिशेब कठीण नाही. पहिले तीन दिवस सकाळी दहा ते सायंकाळी सात आणि रविवारी दहा ते सहा, म्हणजे एकूण पस्तीस तास हाती येतात. खोक्यावर 'पंचेचाळीस मिनिटे' लिहिलेले असले तरी त्यात टेबलासाठीची प्रतीक्षा व नियमांची ओळख धरलेली नसते. प्रत्यक्षात दीड तास धरावा. जेवण, विश्रांती आणि एका दालनातून दुसऱ्यात जाण्याचा वेळ वजा केला, तर दिवसाला चार डाव ही मोठी मजल ठरते. नव्या खेळांची यादी मात्र शेकडोंची असते. तेव्हा नियोजनाचे पहिले काम खेळ निवडण्याचे नसून सोडण्याचे असते.

देशावकाशिक व्रतात श्रावक ठरावीक काळापुरती आपल्या वावराची सीमा आखून घेतो. त्याच वृत्तीने येथे एक दिवस एक किंवा दोनच दालनांपुरता ठेवला, तर पायपीट वाचते आणि मनही थाऱ्यावर राहते. प्रत्येक सदस्याने, लहानग्यानेही, रोज एकच खेळ हक्काचा म्हणून आधी सांगावा. तो डाव सकाळी मांडावा, कारण उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात टेबल लवकर मिळते. शनिवारी गर्दी फार असते. मोठ्या प्रकाशकांची दालने गुरुवारी पाहून घ्यावीत आणि शनिवार छोट्या दालनांसाठी ठेवावा. खरेदीची रक्कम व परतीच्या सामानाचे वजन घरूनच ठरवावे. बहुतेक ठिकाणी खेळ तेथेच विकत मिळतो, त्यामुळे मोह मोठा असतो, आणि खोकी आकाराने अवजड असतात. इंग्रजी नियमपुस्तिका आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावे.

जैन कुटुंबाच्या वेळापत्रकाला आणखी एक घड्याळ असते, ते सूर्याचे. २०२५ मध्ये हा मेळा २३ ते २६ ऑक्टोबर या काळात भरला. पहिलाच दिवस भाऊबीजेचा होता. त्या सुमारास एसेनला सूर्योदय सकाळी आठनंतर होतो, म्हणून नवकारशीचे पच्चक्खाण पारून होईपर्यंत नऊ वाजतात. तेथून मुख्य स्थानकावरून यू ११ क्रमांकाच्या भुयारी रेल्वेने काही मिनिटांत मेळ्याच्या दारी पोहोचता येते. सूर्यास्त मात्र सव्वासहाच्या थोडा पुढे. सात वाजेपर्यंत खेळत राहिले तर चौविहार पाळणाऱ्यांचे जेवण हुकते. शेवटचा डाव साडेचारच्या आत आटोपावा आणि सहापूर्वी जेवण उरकावे. नंतरचा वेळ फिरून पाहण्यास ठेवता येतो.

खरी गफलत रविवारी होऊ शकते. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात. २०२५ मध्ये तो दिवस मेळ्याचाच होता आणि सूर्यास्त एकदम सव्वापाचवर आला. आदल्या दिवसाच्या सवयीने चाललेल्या माणसाचा नियम अशा दिवशी नकळत मोडेल. म्हणून जर्मनीचे पंचांग आणि मेळ्याची दिनदर्शिका शेजारी ठेवूनच तारखा पाहाव्यात.

आहाराची तजवीजही आधीच हवी. मेळ्यात बटाट्याचे तळलेले काप सहज मिळतात, पण कंदमूळ वर्ज्य असलेल्यांना ते चालत नाहीत. खाखरा, भाजलेले चणे आणि सुकामेवा सोबत असावा, फळे व पाव शनिवारपर्यंत घेऊन ठेवावेत. रविवारी जर्मनीतील बहुतेक दुकाने बंद असतात. दालनांत मुलांना दिल्या जाणाऱ्या रंगीत चिवट गोळ्यांत बहुधा प्राणिज जिलेटीन असते, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

घरातील वडीलधारे विचारतील की सप्तव्यसनांत पहिले द्यूत, मग खेळासाठी एवढा प्रवास कशाला? शंका योग्य आहे. एसेनच्या या टेबलांवर पैशाची पैज नसते. शिवाय पटाचा खेळ आपल्या परंपरेला परका नाही. चौऱ्याऐंशी घरांची जैन ज्ञानबाजी कर्मगतीचे चढउतार शिकवीत असे. आपली पचिसीही युरोपात गेली आणि जर्मनीत तिचे जे रूप घरोघरी पोहोचले, त्याचे नाव आहे 'मेन्श एर्गेरे दिश निश्ट', म्हणजे 'माणसा, रागावू नकोस'. सोंगटी मारली गेली तरी क्रोध आवरायचा, हा धडा नावातच आहे.

हाती सोमवार असेल तर बेल्जियममधील अँटवर्प सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. हिऱ्यांच्या व्यापारामुळे तेथे स्थिरावलेल्या जैन समाजाने उपनगरात भव्य संगमरवरी मंदिर उभारले आहे. दर्शनाची वेळ आधी विचारून घ्यावी आणि त्या दिवसासाठी एखादी खरेदी किंवा एखादा डाव खुशाल सोडावा.