मावशी, हे कुठल्या बॅगेत ठेवू?



आजचा लेख कोणत्याही पाठावर नाही. घरात घडलेला एक प्रसंग आहे. पण तो घडल्यापासून मी वर्गात एक गोष्ट वेगळी शिकवायला लागले, म्हणून इथे लिहावासा वाटला.

माझा भाचा पुढच्या शिक्षणासाठी मेलबर्नला निघाला होता. मुंबईहून सिंगापूर आणि तिथे विमान बदलून मेलबर्न. आमच्या घरातलं परदेशी जाणारं हे पहिलंच मूल. ताई आठ दिवस चकल्या तळत होती आणि दाजी दिवसातून दोनदा पासपोर्ट जागेवर आहे का ते बघत होते. मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेतून दोन दिवसांची रजा टाकून पुण्याला गेले. गेल्या गेल्या माझ्याकडे काम आलं, "तू मास्तरीण ना, मग यादी तू वाच."

मग काय! मी विमान कंपनीचे सामानाचे नियम मोबाइलवर काढले, कागदावर दोन रकाने आखले. एक मोठ्या बॅगेचा, एक हातातल्या बॅगेचा. मोठी तीस किलो, हातातली सात. कात्री मोठ्या बॅगेत. लोणचं मोठ्या बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत कोणताही पातळ पदार्थ शंभर मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. चकल्या, चटण्या मेलबर्नला उतरताना कार्डावर लिहून जाहीर करायच्या, लपवायच्या नाहीत.

पॉवर बँक मात्र उलट. ती हातातल्याच बॅगेत. दाजींनी विचारलं, "असं का?" मी सांगितलं, लिथियमची बॅटरी कधी कधी तापून पेटते. माणसांजवळ असली तर निदान कोणाला तरी दिसते, विझवता येते. खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिथे हात पोचत नाही. मर्यादा आहे शंभर वॅट-तासांची. भाच्याची पॉवर बँक वीस हजार मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे वीस अँपिअर-तास. त्याला ३.७ व्होल्टने गुणलं की चौऱ्याहत्तर. चालतंय! दाजी म्हणाले, "असं गणित आम्हाला कोणी शिकवलं नाही बुवा."

रात्री साडेअकराला सगळे झोपायला गेले. मी हॉलमध्ये कागद पुन्हा तपासत होते. भाचा आला, शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, बॅटरीची अजून एक वस्तू आहे. ती कुठल्या बॅगेत ठेवू?"

त्याने खिशातून काढली. मला आधी वाटलं पेन ड्राइव्ह आहे. मग वाटलं हायलायटर. निळ्या रंगाची, बोटभर लांब, एका टोकाला चपटी. हातात घेतली तर पिकलेल्या आंब्यासारखा वास आला.

आणि त्या वासासरशी मला माझा वर्ग आठवला.

स्केचपेनची बिडी

थंडीच्या दिवसांत परिपाठाला उभी असलेली मुलं तोंडातून वाफ काढतात आणि बोटांत खडू धरून बिडी ओढायची नक्कल करतात. तुमच्याही शाळेत करत असतील. आम्ही दटावतो, मुलं हसतात, संपलं. मागच्या हिवाळ्यात चौथीतला एक मुलगा खडूऐवजी स्केचपेन घेऊन नक्कल करत होता. मी म्हटलं, "अरे, बिडी तरी नीट धर." तर तो म्हणाला, "बाई, ही बिडी नाही. हिला काडी लागत नाही. दादाकडं आहे. आंब्याचा वास येतो."

मी हसले. मुलांची कल्पनाशक्ती म्हणून सोडून दिलं. पोरगं मला खरं सांगत होतं आणि मी ते ऐकलंच नाही. आमच्या शाळेच्या दारावर तंबाखूमुक्त शाळेचा फलक आहे. फाटकापासून शंभर यार्डांची पिवळी रेषा मी स्वतः मुलांसोबत आखलीय. दरवर्षी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाची शपथही घेतो. पण फलकावरचं चित्र कशाचं? धूर निघणाऱ्या सिगारेटचं. ही वस्तू त्या चित्रात बसतच नव्हती.

सगळ्या जगात चालतं, मग?

"ई-सिगारेट आहे ना ही?" मी विचारलं. त्याने मान हलवली. त्याचा अभ्यास झालेला होता. म्हणाला, "मित्र म्हणतात हातातल्या बॅगेत ठेवायची. मोठ्या बॅगेत ठेवली तर अडकतो."

त्याचं अर्धं बरोबर होतं. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियमच आहे की ई-सिगारेट खाली जाणाऱ्या सामानात ठेवायची नाही. कारण तेच, पॉवर बँकेचं. शिवाय हिच्यात तापणारी तार असते. बॅगेत दाबली जाऊन चालू झाली की कपडे पेटायला वेळ लागत नाही. ज्या देशांत ती चालते तिथेही विमानात ओढायची नाही आणि चार्जसुद्धा करायची नाही.

पण तो मुंबईहून निघणार होता. मी मोबाइलवर आपल्याकडची यादी उघडून त्याच्यासमोर धरली. ई-सिगारेटपुढे दोन्ही रकान्यांत फुली.

आपल्याकडे २०१९ मध्ये सप्टेंबरात आधी अध्यादेश आला आणि डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तो म्हणाला, "पण मी तर देशाबाहेरच नेतोय ना! इथं वापरत नाहीये."

मी म्हटलं, "बाहेर नेणं म्हणजेच निर्यात. यादीत तो शब्द वाच."

"मोठ्या बॅगेत कपड्यांच्या आत गुंडाळली तर?"

"ती बॅगही क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते रे. आपल्याला दिसत नाही एवढंच. बॅटरी आणि तार कपड्यांतूनही दिसते."

पुढचा थांबा सिंगापूर. तिथे १ फेब्रुवारी २०१८ पासून ती विकत घेणं, वापरणं आणि नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. मेलबर्नमध्ये तर जुलै २०२४ पासून ही वस्तू फक्त औषधांच्या दुकानात मिळते. ज्या मुलासाठी ताई-दाजींनी घरावर कर्ज काढलं, त्याचं सगळं शिक्षण या बोटभर वस्तूपायी विमानतळावरच अडकलं असतं.

पुढचा प्रश्न

इथवर माझी मास्तरकी नीट चालली होती. मग मी विचारलं, "आधी सिगारेट ओढायचास का?"

"नाही."

"मग?"

तो गप्प बसला. ही वस्तू आजच्या रूपात २००३ मध्ये चीनमधल्या एका औषधतज्ज्ञाने बनवली, ती सिगारेट सुटावी म्हणून. माझ्या भाच्याने मात्र सिगारेट कधी धरलीच नव्हती. हॉस्टेलवर दुसऱ्या वर्षाला मित्राने दिली. धूर नाही, खोकला नाही, वरून आंब्याचा वास. "नुसती वाफ तर आहे" असं सगळे म्हणायचे. ती वाफ म्हणजे पाणी नव्हे हे त्याला, इंजिनिअरला, माहीत होतं. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, स्वाद आणि निकोटिन असं ते द्रव असतं. ते तापून त्याचे बारीक थेंब छातीत जातात. निकोटिन तेच, तंबाखूतलं.

"आता सकाळी उठल्यावर पहिली तीच लागते मावशी," तो म्हणाला. "वीस तासांचा प्रवास कसा करू तेच कळत नाहीये. म्हणून विचारलं."

तेव्हा मला कळलं की बॅग हा त्याचा प्रश्नच नव्हता. घरातून निघायच्या आदल्या रात्री त्याला कोणाला तरी हे सांगायचं होतं आणि सांगायला दुसरी वाट सापडली नव्हती. मी पहिल्याच वाक्याला ओरडले असते, तर त्याने ती वस्तू खिशात घातली असती आणि गुपचूप मोठ्या बॅगेत ठेवली असती.

"आईला सांगू नको," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार. तू सांगशील. मुंबईला पोचायच्या आत."

ती रात्र मला झोप नव्हती. आपण चुकतोय का, ताईला आताच उठवावं का, असं सारखं वाटत होतं. सकाळी त्याने ती वस्तू स्वतः माझ्यासमोर टेपने गुंडाळली आणि सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकली. रोजच्या कचऱ्यात टाकायची नाही. चिरडली तर बॅटरी पेटते आणि आतलं द्रव लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होते.

खालापूरच्या टोलनाक्याअलीकडे चहाला थांबलो तेव्हा तो ताईला घेऊन बाजूला गेला. मी आणि दाजी गाडीजवळ उभे. दहा मिनिटांनी दोघं आली. ताईचे डोळे लाल होते. ती काही बोलली नाही. पुढे गाडीत तिने पिशवीतून बडीशेप-खडीसाखरेची डबी काढली आणि त्याच्या हातात दिली, "वाटेत तोंडात टाकत जा." विमानतळाच्या दारापर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. पहिले दिवस वाईट गेले म्हणाला. डोकं दुखायचं, उगाच राग यायचा. विद्यापीठाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. सुटली का, असं मी विचारलं नाही. "आज कसा आहेस?" एवढंच विचारते. तो म्हणाला, "आज नाही घेतली."

आपण वर्गात काय करू शकतो?

१. तंबाखूबंदीच्या तासाला फक्त बिडी-सिगारेट-गुटख्याची चित्रं नकोत. पेनसारखी, पेन ड्राइव्हसारखी, गोड वासाची वस्तूही तंबाखूच्याच घरातली असू शकते, हे चौथी-पाचवीपासून सांगा. घाबरवू नका, ओळख करून द्या.

२. मूल "दादाकडं आहे" म्हणालं तर हसू नका, दादाचं नावही लगेच विचारू नका. "मला सांग, ती कशी असते?" एवढंच म्हणा.

३. पालकहो, मूल नियम विचारायला आलं की आधी नियम सांगा, पण उठून जाऊ नका. थोडं बसा. त्याच्या मागे दुसरा प्रश्न असतो.

शाळेत परतल्यावर मी त्या चौथीतल्या मुलाला, आता तो पाचवीत आहे, मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, "मागच्या वर्षी तू मला दादाच्या आंब्याच्या वासाच्या बिडीचं सांगितलं होतंस. मी नीट ऐकलं नव्हतं. आता सांगशील?"

त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसला आणि सांगायला लागला.