पास की तिकीट?

कॅम्पसच्या यादीत नाव नाही म्हणजे करिअर संपलं, असं हॉस्टेलवर अनेकांना वाटतं. माझंही नाव नव्हतं. डोंबिवलीतल्या एका दुकानदारकाकांची वेबसाईट वर्डप्रेसवर करून दिली आणि दोन वर्षं घरूनच फ्रीलान्सिंग चाललं. आई शेजारी सांगायची, "तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो!"

एका क्लायंटने शेवटचा हप्ता बुडवला. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले साईट लाईव्ह होण्याआधी, हे मी लेखीच घेऊ लागलो. कंपन्या बिलातून १० टक्के टीडीएस कापत. रिटर्न भरला की जास्तीचा कर परत मिळतो, हेही तेव्हाच कळलं. वर्षाची कमाई २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणीही लागते.

मग बाबांचं ऑपरेशन ठरलं. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईबाबा बसत होते, म्हणून नोकरी धरली. इंटरव्ह्यूत मार्क कोणी विचारले नाहीत, चालू साईट्स तेवढ्या बघितल्या. आता मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ कापतात, तेवढाच कंपनी घालते.

फ्रीलान्सिंग म्हणजे रोजचं तिकीट, नोकरी म्हणजे मंथली पास. घरची गरज ओळखून काढा... गाडी तीच आहे!