थांबवलेल्या कर्नलपाशी

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात बसून मी लिनक्स कर्नल डीबग करायला शिकतोय हे ऐकलं, की ओळखीचे लोक विचारतात, "त्याला पुण्याला जावं लागत नाही का?" नाही लागत. एक साधा लॅपटॉप पुरतो. मात्र सुरुवातीला माणूस पुरता गोंधळून जातो, आणि तो गोंधळ सुटतो कसा हे नव्या मुलांना कुणीतरी सविस्तर सांगायला हवं.

माझ्याकडे सरावासाठी एक जुनं कॅरेक्टर ड्रायव्हर मॉड्यूल होतं. त्याला चुकीच्या लांबीची मागणी केली की ते एरर द्यायचं. इथवर ठीक. पण त्यानंतर पहिल्यांदा वाचायला गेलं की अख्खं मशीन गोठायचं. साध्या प्रोग्रॅमला त्याच मशीनवरून डीबगर लावता येतो. कर्नल थांबलं तर कीबोर्ड, पडदा, डिस्क सगळंच थांबतं. मग डीबगर चालणार कशावर? म्हणून तो बाहेर लागतो. पूर्वी त्यासाठी दोन कॉम्प्युटर सिरियल केबलने जोडत. आता ज्याला थांबवायचं ते कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचं आणि जीडीबी हा डीबगर आपल्या लॅपटॉपवर. आमच्या गावच्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग तिथेच थांबतो आणि कारागीर तुटलेली जागा शोधतो. ब्रेकपॉइंटकडून, म्हणजे कोडमध्ये ठरवून दिलेल्या थांब्याकडून, मला तेवढंच हवं होतं.

व्हर्च्युअल मशीन मी क्यूएमूवर चालवत होतो. क्यूएमूला लहान 'एस' हा पर्याय दिला की तो १२३४ क्रमांकाच्या पोर्टवर जीडीबीची वाट बघतो. सोबत कॅपिटल 'एस' दिला तर प्रोसेसर सुरुवातीलाच थांबवून धरतो. मी दोन्ही दिले, जीडीबी जोडला, 'स्टार्ट_कर्नल' या फंक्शनवर ब्रेकपॉइंट ठेवला. जीडीबीने तो निमूट स्वीकारला. 'कंटिन्यू' म्हटल्यावर कर्नल कुठेही न थांबता थेट लॉगिनपर्यंत पोचलं. एरर नाही, इशारा नाही. एरर आला असता तर निदान शोधायला एक वाक्य हाती असतं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मामेभावाला फोन केला. "दादा, जोडला जातो, पण थांबत नाही."

"कंट्रोल-सी दाबल्यावर थांबतो?"

"हो, थांबतो. पण फंक्शनच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात."

"म्हणजे जोडणी ठीक आहे. आता पत्ते बघ. मशीनच्या आत रूट होऊन कॅलसिम्सच्या फाइलमध्ये चालू कर्नलमधला फंक्शनचा पत्ता शोध आणि जीडीबीला दिलेल्या व्हीएमलिनक्स या कर्नल फाइलमधल्या पत्त्याशी ताडून पाहा."

ताडून पाहिले, तर दोन्ही पत्ते वेगळे निघाले. हे काम केएएसएलआरचं. हल्लेखोराला पत्त्यांचा अंदाज येऊ नये म्हणून कर्नल प्रत्येक बूटला स्मृतीत वेगळ्या जागी जाऊन बसतं. २०१७ मध्ये आलेल्या ४.१२ आवृत्तीपासून एक्स८६ वर ही सोय आपोआप चालू असते. जीडीबी मात्र व्हीएमलिनक्स फाइलमधल्या मूळ पत्त्यावर पहारा देत होता, आणि तिथे कुणी येणारच नव्हतं. बूटच्या ओळीत 'नोकेएएसएलआर' लिहिलं आणि पुढच्या बूटला कर्नल 'स्टार्ट_कर्नल'पाशी थांबलं.

वेग वाढावा म्हणून मशीन थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारं केव्हीएम चालू केलं, तेव्हा नवं कोडं आलं. आता ब्रेकपॉइंट टाकताच 'या पत्त्यावरची स्मृती वाचता येत नाही' असा एरर येऊ लागला. केव्हीएममध्ये साधा ब्रेकपॉइंट म्हणजे स्मृतीत लिहिलेली एक सूचना असते, आणि बूटच्या अगदी सुरुवातीला कर्नलचे ते पत्ते अजून तयारच झालेले नसतात. तिथे 'एचब्रेक' हा हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरायचा. तो प्रोसेसरच्या डीबग रजिस्टरमध्ये पत्ता ठेवतो. एक्स८६ वर अशा फक्त चार जागा असतात, त्यामुळे जपून वापराव्या लागतात.

मॉड्यूलचा प्रश्न आणखी वेगळा. व्हीएमलिनक्सला त्याची काहीच माहिती नसते. कर्नलसोबत येणाऱ्या जीडीबी स्क्रिप्टमधली 'एलएक्स-सिंबॉल्स' ही आज्ञा दिली, की लोड झालेली मॉड्यूल्स जीडीबीला ओळखता येतात. मग मशीन मुद्दाम गोठवलं, कंट्रोल-सी दाबलं आणि 'बीटी', म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं याचा माग, मागितला. सर्वांत वर स्पिनलॉक या कुलपाची वाट बघणारं फंक्शन, त्याखाली ड्रायव्हरचं रीड फंक्शन. कोड उघडला तर सुरुवातीला लॉक घेतलेला. एरर देऊन परतणारी वाट मात्र तो न सोडताच बाहेर पडत होती. पुढचं वाचन त्याच लॉकची वाट बघत बसायचं. एका ओळीची दुरुस्ती होती.

पुढे केजीडीबीकडे वळलो. क्यूएमूचा डीबगर कर्नलच्या बाहेरून पाहतो, तर केजीडीबी कर्नलच्या आतच बसतो आणि सिरियल पोर्टवरून बोलतो. म्हणून खऱ्या यंत्रावरही तो चालतो. २००८ साली २.६.२६ आवृत्तीत तो मुख्य कर्नलमध्ये आला. त्याची 'डीबग_कोअर' ही फाइल उघडली, तर वरच्या श्रेयनामावलीत २००३-२००४ या वर्षांसमोर अमित एस. काळे हे नाव आणि खाली लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही पुण्यातली कंपनी दिसली. जगभर वापरल्या जाणाऱ्या या साधनाला पुण्यातल्या लोकांचेही हात लागले आहेत हे वाचून मला फार बळ आलं.

बुऱ्हाणपूर, रावेर, जळगावकडच्या ज्या मुलांना हे शिकायचंय, त्यांना एवढंच सांगेन: ब्रेकपॉइंट लागला नाही तर सगळं एकदम बदलू नका. आधी जोडणी तपासा, मग चालू कर्नल आणि व्हीएमलिनक्स एकाच बिल्डचे आहेत ना ते पाहा, मग पत्ते ताडा. याच क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.