वाढणाऱ्याचे हात

यवतमाळहून धामणगावकडे जाताना बाभुळगाव लागते. अशा तालुक्याच्या गावात ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ अगदी साधा असतो: लाकडी बाक, उकळता चहा, आलूबोंडा आणि तर्री-पोहे. तेथे टेबल पुसणारा मुलगा ‘पोऱ्या’ म्हणून ओळखला जातो. म्हणूनच अशा गावातील एखाद्या घरातला मुलगा बारावीनंतर ‘हॉटेलच्या धंद्यात जातो’ म्हणाला, की घरात शांतता पसरते. ‘इतके शिकवले ते लोकांच्या ताटल्या उचलायला का?’ असे आजोबा विचारतात. लग्नाच्या वेळी मुलीकडचे काय म्हणतील, ही आईची चिंता असते. या प्रश्नांत अपमानाची भीती आहे, तशीच माया आहे. त्यामुळे त्यांना हसून उत्तर देणे योग्य नव्हे. वाढण्याच्या कामात माणसाची कितपत कसोटी लागते, हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील एक रात्र आठवावी.

२६ नोव्हेंबर २००८. बुधवारची संध्याकाळ. १९०३ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत रात्रीच्या जेवणाची पाळी ऐन भरात होती. स्वयंपाकघरात भट्ट्या पेटलेल्या होत्या, दालनांत मुख्य पदार्थ वाढले जात होते. साडेनऊच्या सुमारास एका मेजवानीच्या दालनात फटाक्यांसारखे आवाज आले. जवळपास कुणाचे लग्न असावे, असे अनेकांना वाटले. ते बंदुकीचे आवाज होते.

त्या मेजवानीची व्यवस्था मल्लिका जगद या २४ वर्षांच्या तरुणीकडे होती. काहीतरी विपरीत घडले आहे हे ओळखून तिने दारे बंद करवली, दिवे मालवले आणि पाहुण्यांना टेबलांखाली निजायला सांगितले. संकट आलेच तर एका घरातील दोघेही एकाच वेळी सापडू नयेत, म्हणून पती-पत्नींना वेगवेगळे बसवले. रात्रभर तिचे सहकारी अंधारात सरपटत पाणी देत, विचारपूस करत राहिले. पहाटे बाहेर आग लागली, तेव्हा अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून आधी पाहुणे उतरले, मग कर्मचारी. त्या दालनातील एकही जीव गेला नाही.

‘वसाबी’ या जपानी उपाहारगृहात थॉमस व्हर्गीस हे ४८ वर्षांचे ज्येष्ठ वेटर होते. ताजमध्ये त्यांची ३० वर्षे गेली होती. सुमारे ५० पाहुण्यांना त्यांनी टेबलांआड बसवले आणि सहकाऱ्यांचे कडे त्यांच्याभोवती उभे केले. काही तासांनी गोल जिन्याने बाहेर पडण्याची संधी मिळाली. आधी पाहुणे, नंतर सहकारी, आणि सर्वांत शेवटी आपण, हा त्यांचा आग्रह होता. जिन्याच्या पायथ्याशी गोळीने त्यांना गाठले.

मुख्य शेफ हेमंत ओबेरॉय यांचे सहकारी पाहुण्यांना स्वयंपाकघराच्या वाटेने बाहेर काढत असताना गोळीबार झाला. ते पाहुण्यांपुढे भिंतीसारखे उभे राहिले. विजय बांजा, कैझाद कामदीन आणि गोव्याचे नामवंत शेफ उर्बानो रेगो यांचा मुलगा बोरिस हे त्या हल्ल्यात गेले. सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले सहाव्या मजल्यावर होती, ती वाचली नाहीत. तरीही कांग आपल्या जागेवर उभे होते. त्या हॉटेलात मृत्यू पावलेल्या ३१ जणांपैकी सुमारे एक तृतीयांश तेथील कर्मचारी होते.

अशा रात्री कसे वागावे, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. बहुतेकांना मागचे दरवाजे ठाऊक होते. तेथून निघून गेले असते, तर कुणी दोषही दिला नसता. मग ते का थांबले? हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन नियतकालिकाने २०११ मध्ये याचा शोध घेतला. ताज समूह नोकरीसाठी महानगरांपेक्षा लहान शहरांतील मुलांना पसंती देतो, असे त्यात आढळले. मोठ्यांचा आदर, दुसऱ्याची कदर हे गुण तो गुणपत्रिकेच्या आधी पाहतो. पुढे दीड वर्षाच्या प्रशिक्षणात एकच गोष्ट मनावर ठसवली जाते: पाहुण्याच्या हिताचा निर्णय घ्या, संस्था तुमच्या पाठीशी उभी राहील.

म्हणजे ती शिदोरी बरीचशी घरातूनच आलेली होती. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, तो जेवल्यावर आपण बसावे, हे ज्या घरात न सांगता शिकवले जाते, त्याच घरांतील ही मुले होती.

हल्ल्यानंतर महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ रोजी, ताजच्या मनोऱ्याचा भाग पुन्हा उघडला. सहकारी गमावलेली माणसे पुन्हा गणवेश चढवून पाहुण्यांना वाढू लागली. जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली.

आपल्या मुलाने हा व्यवसाय निवडावा की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीनुसार ठरवावे. कामाचे तास लांब असतात, सणावारी घरी येता येत नाही, हेही खरे आहे. परंतु ‘ताटल्या उचलणे’ म्हणून ते काम हलके ठरवू नये. आणि पुढच्या वेळी कुणी आपल्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तर मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहावे आणि त्याला नावाने हाक मारावी.