देवासचा नाचणारा राजा

देवास म्हटले की आपल्या भागातील माणसाला आधी सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतात. माता टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर आहे. पण या गावाचे आपल्याशी आणखी एक नाते आहे, ते एका नाचणाऱ्या राजामुळे.

माळव्यात पवारांच्या गाद्या धार आणि देवास येथे. देवासच्या पुन्हा दोन पाती, थोरली व धाकटी. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांचे खासगी चिटणीस म्हणून येथे राहिले.

तो काळ जॅझचा. महायुद्धातून सुटलेले युरोप-अमेरिका फॉक्सट्रॉटवर डोलत होते. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून 'चार्ल्सटन' गाजला. गुडघे आत-बाहेर, टाचा हवेत! हा नाच मूळचा कृष्णवर्णीयांचा. प्रतिष्ठितांनी आधी नाके मुरडली, मग स्वतःच ताल धरला.

फॉर्स्टरनी देवासला पाहिला तो निराळाच नाच. जुन्या राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव चाले. टाळ, पेटी, भजने, जोडीला बँड. त्या गदारोळात महाराज भान हरपून कृष्णापुढे नाचत. साहेब गोंगाटाने कातावले, पण राजाच्या भक्तीने हललेही. 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या अखेरच्या भागात हा उत्सव उतरला आहे. तेथे तुकारामांचे नाव येते आणि विलायती वॉल्ट्झची धूनही! वारी पाहिलेल्या, गेज्जे बांधून गाणाऱ्या हरिदासांची पदे ऐकलेल्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये.

मात्र नाचणाऱ्या राजाला जमाखर्च जमला नाही. संस्थान कर्जात बुडाले. १९३३ मध्ये महाराज पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. सरकारदरबारी तुकोजीराव दिवाळखोर ठरले. फॉर्स्टरनी 'द हिल ऑफ देवी' (१९५३) लिहून मित्राची बाजू मांडली. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भक्ती राजाची होती, पण तिजोरी रयतेची होती.

इंदूरला उतरले की एका बाजूला देवास, दुसऱ्या बाजूला धार. होळीच्या आधीच्या आठवड्यात गेलात, तर धार जिल्ह्यात आदिवासींचे भगोरिया बाजार भरलेले दिसतील. मांदलच्या तालावर गावेच्या गावे नाचतात. ते जरूर पाहावे, पण पाहुण्यासारखे. आपल्याला जो गोंधळ वाटतो, तो त्यांचा सण असतो.