दुपारची झापड

सेलूत चैत्र सरला की दुपारी एकनंतर गावाचा आवाज उतरत जातो. मोंढ्यातले हमाल पोत्यांच्या थप्पीच्या सावलीला अंग टाकतात, दुकानदार गल्ल्यामागे तक्क्याला रेलतो, लिंबाखाली बैल डोळे मिटून रवंथ करतात. काळ्या रानावरून आलेली झळ उंबऱ्याशी येऊन थांबलेली असते. घरोघरी जेवणं उरकलेली असतात. आणि या वेळेला माझ्या डोळ्यांवर झापड येते. आधी पापण्या जड होतात, मग हातातल्या पेपरातल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागतात, कुणी बोललं तर त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. त्या अवस्थेत एक खोल सुख आहे. मला ती मनापासून आवडते.

जेवण जास्त झालं म्हणावं, तर माझं ताट नेमकं आहे. ज्वारीची एक भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर शेपूची भाजी, काकडी, कांदा, वाटीभर ताक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये ज्या आहारसूचना दिल्या, त्यांत अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा 45 टक्क्यांच्या आत राहावी असं सांगितलं आहे. आमच्याकडच्या जुन्या ताटाला हे जड जातं, कारण आमचं जेवण म्हणजे भाकरीवर भाकर आणि तोंडी लावायला ठेचा. तरीही बरेच जण नेटाने बदल करतात. मग सकाळी फिरायला आलेल्यांत प्रश्न निघतो, की एवढं बेतानं खाऊनही जेवण अंगावर का येतं? विचारणाऱ्याच्या सुरात अपराध असतो, आणि तोच मला सलतो.

कारण ही झोप सगळी ताटातली नाही. आपल्या शरीरातलं घड्याळ दिवसात दोनदा आपल्याला खाली ओढतं, एकदा मध्यरात्रीनंतर आणि एकदा दुपारी एक ते चारच्या सुमारास. दुपारचं जेवण टाळलेल्या माणसांतही ही उतरण दिसते. म्हणजे उपाशी माणसालाही दुपार असतेच. जेवण तिच्यात भर घालतं एवढंच. मेंदूत ऑरेक्सिन नावाचं, जागं ठेवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी आहेत. रक्तातली साखर वाढली की त्या मंदावतात, उलट प्रथिनांतले काही घटक त्यांना चाळवतात. म्हणून भाताच्या ढिगानंतर येणारी गुंगी दाट असते आणि वरण-उसळीनंतरची विरळ. आदल्या रात्रीची अपुरी झोपही याच वेळी आपली वसुली करते. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्र गच्चीवर तळमळत जाते, पहाटे कुठे वारा सुटतो. मग दुपारनं ती बाकी मागितली तर तिचं काय चुकलं?

चरकाने दिवसा झोपायला एरवी मनाई केली आहे, पण ग्रीष्मात मुभा दिली आहे, रात्री लहान असतात म्हणून. शिवाय ओझी वाहून दमलेले, वाट चालून थकलेले, म्हातारे आणि लेकरं यांना बारमाही मोकळीक आहे. ही यादी वाचताना मला मोंढ्यातले ते हमालच दिसतात.

जुन्या माळवदाच्या घरांत या झोपेला हक्काची जागा होती. दारातून आत शिरलं की ढाळज. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच छत, शेणानं सारवलेली गार जमीन. जेवून उठलेला माणूस शतपावली घालायचा आणि डाव्या कुशीवर लवंडायचा. उशाला कोपर, अंगाखाली घोंगडी. अर्ध्या घटकेत उठून तोंडावर पाणी मारलं की तो पुन्हा कामाचा. वीस मिनिटांपलीकडे गेलं की झोप खोल उतरते आणि उठल्यावर डोकं जड राहतं, हे आजचे अभ्यासकही सांगतात. आता छतं सिमेंटची झाली, दुपारी ती तापतात, आणि त्याखाली माणूस चहा पिऊन पेंग हटवत बसतो.

पण ढाळजेत लवंडायचे ते पुरुष. आतल्या अंगाला बायका शेवटच्या पंगतीला बसायच्या, उरलंसुरलं खायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांवर झापड यायची तेव्हा पुढ्यात खरकटी भांडी असायची. त्यांची सुस्ती दुपारची म्हणून कुणी ओळखलीच नाही, आणि तिच्यात कितीदा रक्ताची कमतरता मिसळलेली असेल ते कुणी तपासलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 साली लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली, ‘परभणी शक्ती’. भाकर हेच जिथं मुख्य अन्न, तिथं भाकरीतूनच लोह पोचवायचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. झोप रोज अनावर येत असेल, सोबत धाप, सतत तहान किंवा न सरणारा थकवा असेल, रात्री घोरताना श्वास अडकत असेल, तर ताट बदलत बसण्याआधी हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड बघून घ्यावं.

आमच्या घरात धाकट्या वहिनींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जेवणात लिंबू आलं, चहा जेवणापासून तासभर लांब गेला. वहिनी आता सगळ्यांबरोबर पानावर बसतात आणि जेवण झालं की पंख्याखाली थोडा वेळ पडतात. भांडी चार वाजता घासायची, आणि ती घासायला आम्ही पाळ्या लावल्या आहेत.