ओहोटी नसलेला समुद्र

जोगेश्वरी पूर्वेला समुद्र दिसत नाही, पण त्याचा वावर घरोघरी असतो. खिडकीच्या ग्रिलला रंग लावून एक पावसाळा उलटत नाही तोच गंज फुटतो, बरणीतलं मीठ सर्दावतं, आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की वर्सोव्याची खारट हवा रेल्वेचे रूळ ओलांडून इकडे येते. न बोलावता येणारा समुद्र इतका शेजारी असताना तो विकत घेऊन, काचेत भरून, सोफ्याच्या जागी मांडणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणत असतील ते सांगायला नको.

हा समुद्र नळाच्या पाण्यापासून होतो. पालिकेचं पाणी आधी आरओ-डीआयच्या नळकांड्यांतून जातं. क्लोरीन, सिलिकेट, क्षार सगळं मागे राहून मीटरवर शून्य दिसलं, की लिटरला साधारण ३५ ग्रॅम या मापाने त्यात डब्यातलं सागरी मीठ विरघळवायचं. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर, लाटांसाठी वेव्हमेकर, माशांचा मळ फेसातून वर काढायला स्किमर. मे महिन्यात माणसं घामाघूम आणि मासे गारेगार, अशी आमच्या घराची व्यवस्था आहे. दगडी सांगाड्याची प्रवाळं मात्र या टाकीत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ती २००१ पासून आहेत. कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. म्हणून माझा खडक कोरडा, कारखान्यात घडवलेला. त्यावर मऊ अंगाची, प्रवाळांच्याच गणगोतातली मशरूम आणि झोअँथिड, आणि त्यांच्या अंगणात क्लाउनफिशची एक भांडखोर जोडी.

निमंत्रितांची यादी एवढीच. येतात मात्र पुष्कळ जण.

पाणी भरलं, दिवे लागले, की पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर बदामी पूड पसरते. हे डायटम. पाण्यातल्या उरल्यासुरल्या सिलिकेटपासून ते स्वतःभोवती काचेच्या डब्या घडवतात आणि सिलिकेट संपलं की आपणहून ओसरतात. त्यांच्यामागून हिरवे येतात. आधी काचेवर धुकं, मग खडकावर लव, मग बोटभर लांबीचे केस. मध्येच कुठे काचेच्या गोटीसारखी चमकणारी बबल अल्गी. ती गोटी म्हणजे एकच पेशी, आणि चिमटा जोरात लागून ती टाकीतच फुटू नये म्हणून श्वास रोखून धरावा लागतो. मग एके दिवशी वाळूवर लाल-जांभळी सायनो धरते. दुधावरच्या सायीसारखी ती एका कडेने अखंड उचलता येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा जागेवर असते. या लाल थराबद्दल माझ्या मनात राग आहे तसा आदरही आहे. सायनोबॅक्टेरियांच्या पूर्वजांमुळेच सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला. मी ज्या श्वासाने तिला शिव्या घालतो, तो श्वास तिच्याच घराण्याची देणगी आहे.

शेवाळाला लागतं तरी काय? उजेड, ओल आणि थोडं खाणं. पावसाळ्यात आमच्या जोगेश्वरीच्या लेण्यात उतरून पाहावं. सहाव्या शतकात खडक खोदून केलेल्या त्या लांबरुंद मंडपात पाणी झिरपत असतं, आणि जिथे दाराशी उजेड पोचतो तिथवर दगड हिरवा झालेला असतो. आत अंधार सुरू होतो तिथे हिरवं संपतं. घासून काढावं तर हिरव्याबरोबर दगडाचाही पापुद्रा निघतो. ओल कुठून येते ते शोधणं हाच खरा इलाज, आणि तोच नेहमी सगळ्यात कंटाळवाणा असतो.

माझ्या टाकीतली ओल, म्हणजे मूळ कारण, मला एका मावशींनी दाखवलं. त्या वर्सोव्याहून मासळी घेऊन आमच्या इमारतीत येतात. टोपली दाराशी टेकवून त्या एकदा टाकीसमोर उभ्या राहिल्या. "एवढी लाईट, एवढं मीठ, आन् कालवणाला एक मासा नाय!" असं म्हणून हसल्या. मग पदराने काचेवरचा ओघळ पुसत म्हणाल्या, "दर्या केलाय झ्याक, भाऊ. पन याला ओहोटी कुठं हाय?"

मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या दिवसांत सुस्तावतं, पण थांबत नाही. जे आलं ते हलतं, पसरतं, दूर जातं. माझ्या समुद्राला नुसती भरती. सकाळी चिमूटभर दाणे, संध्याकाळी गोठवलेली आर्टेमिया, पाहुण्यांच्या मुलांनी हौसेने टाकलेलं जास्तीचं खाणं, सगळं आत येतं. मासे खातात, मळ टाकतात. जिवाणू त्यातल्या अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. तिथे गाडी बहुधा थांबते. नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात साठत जातात, आणि मी वाढलेलं प्रत्येक पान कधी ना कधी हिरवं होऊन काचेवर उगवतं. बाजारात शेवाळावर औषधाच्या बाटल्या मिळतात. त्या हिरवं मारतात. मेलेलं हिरवं पाण्यातच कुजतं आणि पुढच्या पिकाचं खत होतं.

तेव्हा ओहोटी हाताने करावी लागते. बादली, नळी, जुना टूथब्रश. खडकावरचे केस मुळाशी धरून उपटायचे, तुटलेला धागा पळून जाण्याआधी नळीने ओढून घ्यायचा, वाळूवरची सायनो शोषून घ्यायची, आणि जेवढं पाणी गेलं तेवढं ताजं खारं पाणी हळूहळू भरायचं. मदतीला काही पोटभरू मंडळी असतात. टर्बो शंख रात्रभर काच चाटत फिरतात आणि सकाळी त्यांच्या वाटा काचेवर कोरलेल्या दिसतात. शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे खडकाच्या फटी कोरतात. या चरणाऱ्यांना दुय्यम समजू नये. १९८३ साली कॅरिबियन समुद्रात एका रोगाने डायडेमा नावाच्या काटेरी, काळ्या सागरी अर्चिनांचा फडशा पाडला. जमैकाच्या किनाऱ्यावर अतोनात मासेमारी आधीच झालेली होती, शेवाळ खाणारा हाच काय तो उरलेला. सत्तरच्या दशकाअखेर तिथल्या तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्या खाली आला आणि बाकी सगळीकडे शेवाळ. एवढा मोठा समुद्र, त्याला ओहोटी होती, पण खाणारं तोंड गेलं.

टाकीखालच्या कपाटात सम्प, म्हणजे त्याच पाण्याची दुसरी, लपलेली टाकी आहे. त्याच्या एका कप्प्यात मी किटोमॉर्फा नावाचं शेवाळ मुद्दाम वाढवतो. वरचे दिवे मालवले की खालचा लागतो. सगळं घर झोपलेलं असताना हा हिरवा गुंता वरच्या पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खात बसतो. शेवाळाकडून पाणी धुऊन घेण्याची ही तऱ्हा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी बंदिस्त प्रवाळटाक्यांसाठी नीट बसवली. गुंता वाढला की मूठभर तोडून काढायचा. वरच्या मजल्यावर जे शत्रू, तेच तळमजल्यावर भाडेकरू.

शेवाळापेक्षा हट्टी म्हणजे ऐप्टेसिया. दिसायला लोभस, पारदर्शक, तपकिरी झाक असलेलं इवलं समुद्रफूल. एखाद्या खडकाच्या खालच्या बाजूला चिकटून येतं आणि शेजारच्या झोअँथिडला डंख मारत जागा वाढवतं. कापलं, खरवडलं, तर मागे राहिलेल्या पायाच्या तुकड्यातून नवं उगवतं. त्याला खाणारी बर्गिया नावाची एक चिमुकली सागरी गोगलगाय असते. ती दुसरं काहीच खात नाही. ऐप्टेसिया संपलं की तीही उपाशी मरते. आपलं काम पूर्ण करणं म्हणजे आपला घास संपवणं, असं नशीब घेऊन आलेल्या जीवाला कामाला लावायला माझा हात धजत नाही. त्यापेक्षा पानवाल्याकडचा चुना बरा. चुन्याची दाट पेस्ट सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचे, आणि फुलाला चाहूल लागून ते आत मिटण्याआधी नेमकी त्याच्या तोंडात सोडायची. चुन्याचा सामू बाराच्या वर. फूल क्षणात आक्रसतं. त्याच चुन्याची निवळी थेंबाथेंबाने दिली तर प्रवाळांना सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळतं, म्हणून जगभरचे प्रवाळ पाळणारे ती वापरतात. झोअँथिडांना मात्र असं खेळवू नये. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे घालावे, आणि त्यांचा खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये. वाफेतून ते विष माणसाच्या छातीत जातं.

एवढं सगळं करून पाणी निर्मळ झालं, चाचणीच्या नळीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, असा दिवस उजाडतो. आणि नेमके त्यानंतरच डायनो येतात. वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे तंतू, टोकाला हवेचे बुडबुडे. दुपारी माजलेले, रात्री निम्मे गायब. डायनोफ्लॅजेलेट हे त्यांचं पूर्ण नाव. अन्न संपलेल्या पाण्यात बाकीचे उपाशी राहतात तेव्हा यांचं फावतं, आणि काहींच्या विषाने तेच काच चाटणारे शंख उताणे पडतात. १९३४ मध्ये आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या तरंगत्या जीवांच्या देहातल्या मूलद्रव्यांचं एक प्रमाण लक्षात आणून दिलं. आज ते कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असं सांगतात. म्हणजे स्वच्छ समुद्रालासुद्धा काहीतरी पोटात लागतं. डायनोंवरच्या उपायांत पाण्यात थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट मापून परत घालणं हाही एक उपाय आहे. जे बादलीने उपसलं, तेच पुन्हा थेंबाने द्यायचं. ओहोटी लागते, पण समुद्र आटवून नाही चालत.

आणि गंमत अशी की माझ्या झोअँथिडांचा रंग, त्यांची भूक, त्यांचं सगळं चालणं याच डायनोंच्या जातभाईंवर आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही डायनोफ्लॅजेलेटच. उजेडातून साखर करून ती यजमानाला देतात. पाणी फार तापलं की हा घरोबा तुटतो, प्रवाळ पांढरं पडतं, आणि त्यालाच आपण ब्लीचिंग म्हणतो. आत राहिला तर अन्नदाता, बाहेर माजला तर उपद्रव. २०२० च्या हिवाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या पेटल्या आणि लोक मोबाइल घेऊन धावले, तेव्हा ती चमक नॉक्टिल्युका या आणखी एका डायनोचीच होती.

खऱ्या ओहोटीला हे सगळे एकत्र भेटतात. जुहूच्या खडकाळ भागात किंवा हाजीअलीला पाणी मागे गेलं की मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाची माणसं लोकांना घेऊन जातात. २०१७ पासून हे चाललं आहे. सांडपाण्याच्या या शहरात, पायाखालच्या डबक्यात झोअँथिडांचे गालिचे, समुद्रफुलं, समुद्री गोगलगायी आणि सॅलडच्या पानासारखं उल्वा शेवाळ. माझ्या घरी ज्यांची नावं घेऊन मी वैतागतो, ते तिथे कोणाच्या वाटेत नसतात. वरळी आणि हाजीअलीला दगडी प्रवाळंही आहेत. कोस्टल रोडच्या कामात आलेली प्रवाळं २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे हलवावी लागली. माझ्या टाकीत जे ठेवायची मला मुभा नाही, ते या शहराच्या खडकावर आपलं आपण जगत होतं.

म्हणून पाणी बदलण्याच्या दिवशी शेवटचं काम मोरीपाशी असतं. माझी ओहोटी जाणार कुठे? गटारात, आणि या भागातलं वाहतं पाणी बरंचसं आरेच्या डोंगरातून येणाऱ्या ओशिवरा नदीच्या वाटेने मालाडच्या खाडीत. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हौशी टाक्यांतल्या शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा तुकडा दिसला होता. पुढे भूमध्य समुद्राचे कितीतरी किनारे त्याने झाकले. खाडीच्या नशिबी आधीच पुरेसं आलेलं आहे. तेव्हा बादलीवर जुनं धोतर बांधून पाणी गाळतो. फडक्यात उरलेले केस, साय, किटोमॉर्फाचा गुंता गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवतो आणि मग ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. घरचे विचारतात, चिमूटभर शेवाळासाठी एवढा सोपस्कार? समुद्र पाळायचा तर त्याची ओहोटीही आपल्याच गळ्यात असते, आणि ती कोणाच्या दारात जाते तेही आपणच पाहायचं असतं.